पांढऱ्यावर पांढरं

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आणि दुसऱ्याच्या फाइलमध्ये शिरलं की पहिली दहा मिनिटं नुसते डबे उघडून बंद करण्यात जातात. ‘साखर’ लिहिलेल्या डब्यात रवा निघतो, बोर्नव्हिटाच्या बरणीत मोहरी, आणि मीठ कुठं आहे ते फक्त त्या घरच्या बाईला ठाऊक. ती बाई गावाला गेलेली. फाइलच्या बाबतीत तर ती माणसं बहुधा कायमचीच गेलेली असतात. म्हणजे देवाघरी नव्हे. दुसऱ्या प्रेसमध्ये, नाहीतर प्लॉटिंगच्या धंद्यात.

जूनमध्ये माझ्याकडे अशी एक फाइल आली. साताऱ्याकडच्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा वार्षिक अहवाल. चौसष्ट पानं. त्यात आजीव सभासदांची यादी, देणगीदारांची यादी, जमाखर्च, गावातल्या दुकानांच्या जाहिराती आणि अध्यक्षांचं मनोगत. चिटणीसकाका एसटीने आले, पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “सगळं तयारच आहे ताई. फक्त आकडे बदलायचे आणि दोन-चार नावं. तासाभराचं काम.”

डीटीपीत माझी पंचवीसच्या वर वर्षं गेली. ‘तासाभराचं काम’ हे शब्द ऐकले की मी आधी चहा टाकते.

पेन ड्राइव्हवर चार फाइली होत्या: ‘अहवाल’, ‘अहवाल फायनल’, ‘अहवाल फायनल करेक्शन’ आणि ‘हाच घ्यावा’. तारखा पाहिल्या तर सगळ्यांत ताजी होती ती ‘फायनल करेक्शन’. ‘हाच घ्यावा’ तिच्याहून दोन वर्षांनी म्हातारी. मी ताजी उघडली. उघडता उघडता पडद्यावर दोन तक्रारी आल्या. पहिली, अकरा फॉन्ट सापडत नाहीत. दुसरी, सदतीस चित्रांच्या लिंक तुटलेल्या आहेत. चित्रांचे पत्ते वाचले: डी ड्राइव्ह, न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, फोटो, नवीन फोटो. ज्या कॉम्प्युटरचा हा डी ड्राइव्ह, तो केव्हाच भंगारात गेला असणार. पत्ता मात्र अजून त्याच घराचा, जसं काही घरांच्या दारावर दोन भाडेकरू मागचं नाव अजून असतं.

मग पान आलं. गुलाबी. इनडिझाइनला फॉन्ट सापडला नाही की तो त्या मजकुरामागे गुलाबी रंग भरतो. चौसष्ट पानं तशी, जणू कुणी रंगपंचमी खेळून गेलंय.

या फाइलला तीन बाप आहेत, हे मला दुपारपर्यंत कळलं. हस्ताक्षर हाताचंच असतं असं नाही, माऊसचंही असतं. पहिला ऑपरेटर पेजमेकरच्या जमान्यातला. टापटिपीचा माणूस, पण टॅबवर विश्वास नाही. आकडे एकाखाली एक आणायला स्पेसबार बडवलेला. दुसऱ्याने फाइल इनडिझाइनमध्ये आणली. हौशी गडी. प्रत्येक शीर्षकाला सावली, प्रत्येक फोटोला मऊ कडा, अध्यक्षांच्या नावामागे ग्रेडियंटचा सूर्योदय. आणि तिसरा? तिसऱ्याने काहीच काढलं नाही. त्याने फक्त झाकलं.

पेजमेकरबद्दल इथं दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढं जाववत नाही, कारण माझ्या पहिल्या पगारावर त्याचा हक्क आहे. पेजमेकर आला १९८५ साली. काढणाऱ्या कंपनीचं नाव आल्डस. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये छापखाना घालणाऱ्या आल्डस मानुटियसवरून ठेवलेलं. १९९४ मध्ये ॲडोबीने ती कंपनी घेतली, १९९९ मध्ये इनडिझाइन काढलं, आणि २००१ च्या ७.० नंतर पेजमेकरची नवी आवृत्ती आली नाही. जगाने त्याचं तेरावं घातलं तरी इकडे पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळांत तो पुढं कित्येक वर्षं ठणठणीत होता. इनडिझाइनच्या सीएस-६ नंतरच्या आवृत्त्या त्याची फाइल उघडतसुद्धा नाहीत. म्हणून माझ्याकडे एक जुना पीसी तेवढ्यासाठी जिवंत ठेवलाय. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आहे. पाहुणे त्याला यूपीएस समजतात.

फॉन्टांचं दुखणं जुनंच. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टांत ‘क’ हा खरा ‘क’ नसायचाच. इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर बसवलेलं ‘क’चं चित्र असायचं. फॉन्ट आहे तोवर ती मराठी. फॉन्ट हरवला की सोंग उतरतं आणि ‘वाचनालयाच्या प्रगतीचा आलेख’ यातून डॉलर, चौकटी कंस आणि टक्क्याची चिन्हं बाहेर पडतात. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत होती. पण आमच्या छापखान्यांच्या जिन्यावरून वर यायला तिला पंधरा-वीस वर्षं लागली.

मी ठरवलं, सगळं एकदा युनिकोडमध्ये आणू या. कन्व्हर्टर चालवला. त्याने निमूटपणे काम केलं, फक्त ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ केलं, ‘वाऱ्या’चं ‘वार्या’. अर्धा ‘र’ म्हटला की कन्व्हर्टरला घाम फुटतो. ते हाताने नीट केलं. मग कंपोझर बदलायला विसरले होते म्हणून पहिल्या वेलांट्या अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि जोडाक्षरांचे पाय मोडले. ‘वर्ल्ड-रेडी’ निवडल्यावर सगळे परत रांगेत आले. पडद्यावरचा गुलाबी रंग गेला. मराठीतले ‘ल’ पाकळीचे झाले, ‘श’ देठाचे झाले. मी खूश होऊन संध्याकाळी प्रूफची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली आणि भाजी आणायला गेले.

सकाळी आठ वाजता फोन.

“ताई, तुम्ही मला मारलंत.”

“काय झालं काका?”

“पान अठ्ठेचाळीस काढा. माझ्या नावामागे कै. आहे.”

मी फाइल उघडली. खरंच होतं. चिटणीसकाका वारले होते. कोषाध्यक्षही वारले होते. विद्यमान अध्यक्ष गेले होते, त्यांच्या पत्नी गेल्या होत्या, आणि ज्यांनी वाचनालयाला पहिलं कपाट दिलं ते संस्थापक मात्र जिवंत होऊन यादीत ताठ उभे होते.

“अध्यक्षांना अजून दाखवलं नाही मी,” काका हळू आवाजात म्हणाले. “त्यांना बीपी आहे.”

झालं होतं ते असं. यादीतला ‘कै.’ हा नावाबरोबर टाइप केलेलाच नव्हता. प्रत्येक ‘कै.’ म्हणजे एक वेगळी, सुटी, चिमुकली चौकट, नावाच्या डावीकडे बोटभर जागेत ठेवलेली. अशा त्र्याण्णव चौकटी. नवा फॉन्ट जुन्याहून रुंद निघाला, लांब पत्त्यांच्या दोन-दोन ओळी झाल्या, नावं घसरत खाली गेली, आणि ‘कै.’ जागच्या जागी राहिले. त्या यादीत स्थिर म्हणावं असं तेवढंच एक होतं.

प्रथम मी त्या ऑपरेटरला मनातल्या मनात बरंच काही म्हटलं. दुसऱ्याची फाइल उघडल्यावर पहिला तास हा संस्कारच असतो. आम्ही डीटीपीवाले, प्लंबर आणि दातांचे डॉक्टर, या तिघांचं पहिलं वाक्य एकच: “हे कुणी केलंय?” पण मग त्याच्या जागी बसून पाहिलं. दोन कॉलमची यादी, चारशे बारा नावं, वीसेक पानं. वरच्या एका नावाला ‘कै.’ जोडला की ती ओळ मोडते, ओळ मोडली की पुढची सगळी यादी सरकते, यादी सरकली की जाहिराती पानाबाहेर. आणि ‘अमुक गेले हो’ हा निरोप येतो केव्हा? प्लेट काढायच्या आदल्या रात्री. माणसं अहवाल छापायला गेल्यावरच जातात, हा माझाही अनुभव आहे. अशा वेळी रात्री अकराला एक सुटा ‘कै.’ नावाशेजारी अलगद ठेवून, दुसऱ्या कुणालाही धक्का न लावता तो माणूस घरी गेला असेल, तर त्याला काय म्हणायचं?

मी त्र्याण्णव ‘कै.’ हाताने टाइप केले. जुन्या छापील अहवालाशी एकेक नाव ताडून बघत. या कामाला घाई चालत नाही. प्रत्येक नावापाशी थांबावं लागतं, पुढचा पत्ता वाचावा लागतो. शुक्रवार पेठेतल्या एकाच घरातले चौघं, एकाखाली एक. दत्तमंदिरामागचे एक मास्तर, ज्यांच्यामागे एकावर एक असे दोन ‘कै.’ होते, दोन वेगळ्या वर्षी दोन वेगळ्या ऑपरेटरांनी त्यांना निरोप दिलेला. छापील अहवालात ते फक्त इतरांपेक्षा किंचित ठळक दिसत होते.

फोटोंचं प्रकरण याहून सोपं होतं. मनोगताच्या पानावर अध्यक्षांचा फोटो बदलायचा म्हणून मी आहे तो उचलला, तर खाली आधीचे अध्यक्ष. ते उचलले तर त्यांच्या आधीचे. चार अध्यक्ष एकाच चौकटीत, एकमेकांवर बसलेले. कुणीही जुन्याला उठवलं नव्हतं. नवा आला की त्याच्या मांडीवर. तिसऱ्यांचा चेहरा चौथ्यांपेक्षा रुंद, त्यामुळे त्यांचा एक कान कडेने बाहेर डोकावत असणार, कारण नेमक्या त्या कानावर एक पांढरी पट्टी होती. संस्थेच्या राजकारणात मला पडायचं नाही, पण फाइल चारशे एमबीची का झाली होती ते तिथं कळलं.

ही पांढरी पट्टी म्हणजे तिसऱ्या ऑपरेटरची सही. चूक दिसली की त्यावर पांढरी चौकट, तिच्यावर नवा मजकूर. पुन्हा चूक झाली की पुन्हा पांढरं. जमाखर्चाच्या पानावर ‘वीजबिल’ या शब्दाखाली मला सहा वर्षांची वीजबिलं सापडली.

नावं ठेवायला मी कोण? मी १९९६ साली एका प्रेसमध्ये लागले तेव्हा हीच पट्टी खरी, कागदाची होती. ब्रोमाइडवर एक शब्द चुकला की तेवढाच शब्द नव्याने काढायचा, ब्लेडने कापायचा, चिमट्याने उचलून रबर सोल्यूशनने जुन्यावर चिकटवायचा. चिकटवलेल्या कागदाची कड कॅमेऱ्यात पकडली जाऊन निगेटिव्हवर बारीक रेघ उमटायची. ती ओपेक लावून बुजवायला एक काका होते, दिवसभर काचेच्या उजेडावर वाकून बसलेले. त्यांच्या आधीच्या खिळ्यांच्या जमान्यात तर असली लबाडी शक्यच नव्हती. खिळ्याच्या जागी दुसरा खिळा बसवायचा तर पहिला उपटावाच लागे. एका जागेत दोन ‘क’ मावत नसत. जुन्यावर नवं ठेवायची सोय कागदाने दिली आणि कॉम्प्युटरने तिचं व्यसन लावलं.

यात एक गंमत आहे. इनडिझाइनमध्ये त्या पांढऱ्या रंगाला ‘पांढरा’ म्हणतच नाहीत. त्याचं नाव आहे ‘पेपर’. ऑफसेटवर चार शाया असतात: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. पांढरी शाई नसते. म्हणजे आपण ज्याला पट्टी मारणं म्हणतो ते झाकणं नव्हेच. इथं शाई टाकू नका, असा मशीनला धाडलेला निरोप आहे. आणि निरोप कधीकधी पोचत नाही. मागे एका दिवाळी अंकात माझ्या हातून एक जाहिरात गेली होती, बाहेरून इलस्ट्रेटरमध्ये करून आलेली. दुकानाचा जुना फोन नंबर पांढऱ्या चौकटीखाली झाकलेला, वर नवा. त्या चौकटीला कुणीतरी चुकून ‘ओव्हरप्रिंट’ लावून ठेवलेलं. पडद्यावर चौकट दिसते, प्लेटवर तिचं अस्तित्व शून्य. छापून आलं तेव्हा दोन्ही नंबर एकमेकांत घुसलेले. तेव्हापासून मी ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू लावल्याशिवाय आरतीचं पुस्तकसुद्धा प्रेसला देत नाही.

हे सगळं आवरता आवरता चार दिवस गेले. तासाभराच्या कामाचा पाचवा दिवस उजाडला तेव्हा एकच गोष्ट उरली होती, आणि ती मला पहिल्या दिवसापासून टोचत होती. प्रत्येक पानाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक खाच होती. डावीकडच्या पानावर पहिल्या दोन ओळी अंगठाभर आत सुरू व्हायच्या. उजवीकडच्या पानावर त्याच दोन ओळी अंगठाभर आधी संपायच्या. तिसरी ओळ पूर्ण रुंदीची. कोपऱ्यात काहीच नाही. पांढराशुभ्र कागद. मजकूर मात्र तिथून असा वळून जात होता, जसं रोजच्या रस्त्यावरचं जुनं झाड तोडल्यावरही लोक सवयीने वळून जातात.

परिच्छेदाचं इंडेंट पाहिलं: शून्य. ड्रॉप कॅप: नाही. चौकटीचं आतलं अंतर: नाही. मग लेयर पॅलेट उघडलं. तिथं ‘लेयर १’, ‘लेयर १ कॉपी’, ‘वरचं’, ‘नको’ आणि ‘नको २’. शेवटच्या दोन्हींचे डोळे मिटलेले. इनडिझाइनमध्ये लेयर लपवला तरी त्यावरच्या वस्तूंचा टेक्स्ट रॅप चालूच राहतो; वस्तू दिसत नाही पण मजकुराला ढकलत राहते. ते थांबवायची वेगळी खूण लेयरच्या ऑप्शनमध्ये असते आणि ती करायची आठवण कुणाला होत नाही. मला वाटलं, सापडला चोर. दोन्ही ‘नको’ उघडले. एकात पिठाच्या गिरणीची जुनी जाहिरात, दुसऱ्यात कुणाच्या तरी एकसष्टीच्या शुभेच्छा. कोपऱ्याशी दोघांचाही संबंध नाही.

मग फ्रेमच्या कडा दाखवायला लावल्या. पान मच्छरदाणीसारखं रेघांनी भरून गेलं. कोपऱ्यात एक छोटी चौकट होतीच. रंग: पेपर. रॅप: नाही. म्हणजे ही ढकलणारी नव्हे, झाकणारी. तिसऱ्याचीच. मी ती निवडून डिलीट दाबलं.

खालून गणपती निघाला.

नाशिकजवळ वणीला सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं जुनं लेपन २०२२ मध्ये काढलं, तेव्हा आतलं मूळ रूप उघडं झालं. त्याचे फोटो पाहताना माझ्या अंगावर जसा काटा आला होता तसाच, अर्थात पुष्कळ लहान मापाचा, काटा आत्ताही आला. हा लग्नपत्रिकेवरचा, रेघांत काढलेला क्लिपार्टचा गणपती, पण नऊ-दहा वर्षं पांढऱ्याखाली बसून होता. मी पुढच्या पानावरची चौकट काढली. गणपती. त्याच्या पुढच्या. गणपती.

त्याच्यावर क्लिक केलं तर तो निवडला जाईना. तेव्हा उलगडलं. तो पानावर नव्हता, मास्टरवर होता. मास्टर पेजवर ठेवलेली वस्तू पानावर साध्या क्लिकने हाती लागत नाही. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरावं लागतं. फाइलमधले मास्टर मी तोवर उघडून पाहिलेच नव्हते, आणि हा बसला होता मास्टरच्या मास्टरवर, म्हणजे ज्याच्यावरून बाकीचे बेतलेत त्याच्यावर. (अलीकडच्या आवृत्तीत ॲडोबीने ‘मास्टर’ हा शब्द काढून ‘पेरेंट’ केलाय. मालक गेले, पालक आले. हट्ट तोच.) दुसऱ्या, हौशी ऑपरेटरने तो तिथं बसवला, मजकूर अंगावर येऊ नये म्हणून त्याला रॅप लावला. पुढं कुणीतरी गणपती नको म्हणालं असणार. तिसऱ्याने क्लिक केलं, देव हलेना. पुन्हा क्लिक केलं, हलेना. मग त्याने पांढरी चौकट काढली आणि ती एकेका पानावर, चौसष्ट वेळा, नेऊन ठेवली. त्याची ती रात्र डोळ्यांसमोर आली आणि त्याच्याबद्दलचा माझा उरलासुरला राग गेला.

मी मास्टरवरचे दोन्ही गणपती काढले, चौसष्ट पांढऱ्या चौकटी काढल्या. पहिल्या दोन ओळी सरळ झाल्या, मजकूर वर सरकला, एक अख्खं पान वाचलं. फाइल अठ्ठावीस एमबीवर आली. संध्याकाळी देवाला दिवा लावताना मला उगाचच जरा अपराध्यासारखं वाटलं, पण तेवढंच.

प्रूफ बघायला चिटणीसकाका स्वतः आले. त्यांनी आधी पान अठ्ठेचाळीस काढून आपण जिवंत असल्याची खात्री केली. मग पहिल्यापासून चाळू लागले. चार-पाच पानं झाल्यावर थांबले आणि कोपऱ्यावर अंगठा ठेवला.

“ताई, इथली जागा कुठं गेली?”

“खाच पडत होती काका. काढली.”

“खाच नव्हे हो. श्रीकाराची जागा ती. आमच्या अहवालात पानाच्या कोपऱ्यात जागा सोडायची पद्धत आहे. पहिल्यापासून.”

पहिल्यापासून म्हणजे दुसऱ्यापासून, हे माझ्या ओठांवर आलं होतं. त्याऐवजी मी जुनी फाइल उघडली, आठव्या पानावरची चौकट काढून दाखवली आणि मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. काका चष्मा वर करून पुढं वाकले. टेबलाखाली चपला काढल्याचा आवाज आला.

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग त्यांना हळूहळू आठवू लागलं. “हां हां. हा उजव्या सोंडेचा. त्यावरून केवढं झालं होतं मीटिंगमध्ये.”

मी परत पाहिलं. खरंच की. उजवीकडच्या पानांवर सोंड डावी, डावीकडच्या पानांवर उजवी. हौशी बाबाने समोरासमोरच्या पानांची शोभा साधायला एका बाजूचा गणपती आरशासारखा उलटवला होता. एका क्लिकमध्ये बत्तीस कडक गणपती.

“तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, उजव्या सोंडेचं सोवळं फार. वाचनालयात कोण पाळणार? अहवाल रद्दीत जातो, त्यात भेळ बांधतात. पण काढा असं म्हणायला कुणाची जीभ रेटेना. मग म्हणाले, झाका.” काका माझ्याकडे वळले. “आणि आता तुम्ही काढलात?”

“दिसत नव्हताच ना काका इतकी वर्षं.”

“दिसत नव्हता,” ते म्हणाले. “पण होता ना?”

याला माझ्याकडे कुठल्याच मेनूत उत्तर नव्हतं. मी नवा लेयर काढला. छपाईची खूण काढून टाकली, म्हणजे पडद्यावर दिसेल पण कागदावर उमटणार नाही. झाकायला पांढरं नको. पालक पानावर दोन्ही कोपऱ्यांत गणपती होते तिथं परत ठेवले, रॅप लावला. वरच्या दोन ओळी निमूट आत सरकल्या. वाचलेलं पान परत भरलं आणि अहवाल पुन्हा चौसष्टचा झाला, सोळाचे चार फॉर्म, प्रेसवाल्याच्याही सोयीचा. लेयरला कुलूप लावलं आणि नाव दिलं: ‘गणपती. हात लावू नये.’ माझ्यामागून ही फाइल जिच्या किंवा ज्याच्या हाती पडेल, त्याने मला काय म्हणायचं ते खुशाल म्हणावं.

“सोंड डावी करून देऊ का काका?” मी विचारलं. “एका क्लिकचं काम आहे.”

त्यांनी थोडा विचार केला.

“नको. इतकी वर्षं तसाच बसलाय. सवय झाली असेल त्याला,” म्हणाले, आणि टेबलाखाली पायाने चपला शोधू लागले.